खांदेरीसमोर रॉबिन्सन क्रूसो

इंग्रजीच्या पेपराआधीची उजळणी म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराला सांगावयास नको. फराळाच्या ताटाशेजारी वही उघडी असते. चकलीचा तुकडा एका हातात आणि शब्दार्थांची यादी दुसऱ्या हातात, अशी मुलांची दिवाळी जाते. उजळणीचे भाग ठरलेले. आधी शब्दार्थ, मग नायक, निवेदक, रूपक, उपरोध वगैरे साहित्यातील संज्ञा आणि शेवटी पूरक वाचनाला लावलेली एखादी जुनी नामांकित कादंबरी. हे सारे कोरडे आहे, घोकावयाचे आणि पेपर झाल्यावर विसरावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. शहरातल्या वर्गात कदाचित ते तसे असेलही. आमच्या थळला मात्र ही उजळणी करू लागले की खिडकीबाहेरचा समुद्र मध्येच बोलू लागतो. आज वाचकांपुढे मांडावयाची आहे ती हीच हकीकत.

मी थळला राहतो, मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले, तेव्हा इतिहाससंशोधक म्हणून मी काही सांगतो आहे असे कोणी समजू नये. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड जडलेली असते. कोणतीही गोष्ट वाचली की ती सांगतो आहे कोण, हे तो आधी पाहतो. या लेखाचे सारे भांडवल एवढेच आहे.

थळ गाव अलिबागच्या उत्तरेला. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, किनाऱ्यावर खुबलढा किल्ल्याचे उरलेसुरले अवशेष आणि अलीकडच्या काळातला खतांचा मोठा कारखाना. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्यापलीकडे, १८६७ साली बांधलेले दीपगृह डोक्यावर घेतलेले, ते खांदेरी. कोळी बांधव खांदेरीला वेताळाच्या दर्शनाला जातात. आमच्या मुलांना बेट म्हणजे काय हे शब्दकोशात पाहावे लागत नाही. म्हणूनच पूरक वाचनासाठी जुनी कादंबरी निवडावयाची वेळ आली तेव्हा मी 'रॉबिन्सन क्रूसो'ची संक्षिप्त आवृत्ती घेतली. डॅनियल डेफो या इंग्रज लेखकाची ही कादंबरी १७१९ च्या एप्रिलमध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. एका बेटावर अठ्ठावीस वर्षे काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट बेटासमोर राहणाऱ्या मुलांना आपली वाटेल, असा माझा साधा हिशेब होता.

शब्दार्थांपासून सुरुवात झाली. पहिल्याच प्रकरणांत क्रूसोचे जहाज मोरोक्कोच्या साली बंदरातले लुटारू पकडतात आणि त्याला गुलाम करतात. तिथे आमच्या यादीत शब्द आला 'पायरेट'. मी फळ्यावर अर्थ लिहिला : समुद्रावर जहाजे लुटणारा, चाचा. मागच्या बाकावरून एका कोळी मुलीने विचारले, "सर, मग आपले कान्होजी आंग्रे? माझ्या दादाच्या मोबाइलवर इंग्रजीत त्यांना पायरेट लिवलंय."

प्रश्न बरोबर होता आणि तो नवाही नव्हता. तीनशे वर्षे तो तसाच पडून आहे. कंपनीच्या आरमारात नोकरी केलेल्या क्लेमंट डाउनिंग याने १७३७ साली लंडनला हिंदुस्थानातील युद्धांवर पुस्तक काढले, तेव्हा पुस्तकाच्या नावातच 'पायरेट आंग्रिया' असे शब्द घातले होते. पुढे १९०७ साली कर्नल बिडल्फने 'मलबारचे पायरेट' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला, त्यातही आंग्र्यांना मोठी जागा दिलेली आहे. इंग्रजी ग्रंथांतून हा शब्द असा पिढ्यान्पिढ्या चालत आला आणि आता तो दादाच्या मोबाइलपर्यंत पोहोचला.

मुलीला मी सरळ उत्तर दिले नाही. शब्दार्थ पाठ करावयाचा नसून लावून पाहावयाचा असतो, असे सांगितले आणि वर्गाला कामाला लावले. इंग्रजी कोशाप्रमाणे पायरेट तो, जो कोणत्याही राजाच्या अधिकाराशिवाय, स्वतःच्या पोटासाठी समुद्रावर लूट करतो. आता कान्होजींकडे पाहा. 'सरखेल' हा त्यांचा किताब. मूळ फारसी, अर्थ दळाचा प्रमुख. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली आणि कान्होजी शाहू छत्रपतींच्या पक्षाला आले, तेव्हा आरमाराची सरदारी आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे किल्ले त्यांच्याकडे रीतसर राहिले. म्हणजे अधिकार होता, राजा होता, ठाणी होती. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा दंडक होता. ही कल्पनाही त्यांनी नव्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला होता आणि इंग्रज कंपनीही आपले परवाने देतच होती.

भांडण होते ते इथे. कंपनीचे म्हणणे असे की, आमच्या निशाणाखाली जाणाऱ्या मालाला कोणी हात लावू नये. कान्होजींचे म्हणणे असे की, निशाण इंग्रजांचे असले तरी आतला माल इथल्या व्यापाऱ्याचा असेल तर त्याला आमचे दस्तक पाहिजे. समुद्र कोणाचा, असा हा वाद. त्यात एका बाजूने दुसऱ्या बाजूला पायरेट म्हटले. एकाच कामाला आपण करू तेव्हा हक्क आणि दुसरा करील तेव्हा लूट म्हणावयाचे, याला साहित्यात काय म्हणतात असे मी विचारले तेव्हा एका मुलाने चटकन संज्ञांची वही उघडून 'उपरोध' हा शब्द दाखवला. परीक्षेत त्याला गुण किती पडतील ते पडोत, त्या दिवशी त्याला ती संज्ञा समजली होती.

मात्र मुलांना एकच बाजू शिकवून भागत नाही. १७१२ साली कान्होजींच्या आरमाराने कारवारहून मुंबईकडे येणारी इंग्रजांची जहाजे पकडली. त्या लढाईत थॉमस चाऊन हा कंपनीचा अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. त्या बाईच्या जागी आपण असतो तर आपणही सरखेलांना सरखेल म्हटले नसते. हे वर्गात सांगितल्यावर मुले गप्प झाली. पण याच घटनेची दुसरी बाजू अशी की, त्या सुटकेच्या वेळी कंपनीने कान्होजींशी करारही केला. एखाद्याला कागदोपत्री करारातला पक्ष मानावयाचे आणि पुस्तकात लुटारू म्हणावयाचे, हे एकाच वेळी चालू होते. इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील आपल्या १९२८ च्या इंग्रजी ग्रंथात हा आरोप तपासून खोडून काढला. मनोहर माळगावकरांनी १९५९ साली कान्होजींचे चरित्र इंग्रजीतच लिहिले, तेव्हा पुस्तकाच्या नावात त्यांना 'मराठा ॲडमिरल' म्हटले. ॲडमिरल हा शब्द अरबी 'अमीर'वरून युरोपात गेलेला. म्हणजे सरखेल आणि ॲडमिरल यांचा अर्थ एकच, फक्त वाटा वेगळ्या.

शब्दांच्या या येण्याजाण्याची मुलांना मोठी गंमत वाटली. इंग्रजी शब्द म्हणजे साहेबाच्या घरची वस्तू आणि आपण ती उसनी घ्यावयाची, अशी त्यांची समजूत असते. म्हणून आम्ही उलटी यादी केली. आमच्या वाड्यांत नारळ-सुपारी पिकते. काथ्याला इंग्रजीत 'कॉयर' आणि सुक्या खोबऱ्याला 'कोप्रा' म्हणतात, ते दोन्ही मल्याळम. सुपारीचे 'अरेका' हेही मूळ मल्याळमच, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेले. 'मॉन्सून' तर अरबी 'मौसिम'. आणि कंपनीच्या कागदांत आंग्र्यांच्या आरमाराची जी जहाजे येतात त्यांची नावे 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट'. ती आपली गुराब आणि गलबते. ज्यांना लुटारू म्हटले त्यांच्या जहाजांची नावे मात्र साहेबाने तशीच उचलली.

आता कादंबरीकडे येऊ. मराठीत आपण 'नॉव्हेल'ला कादंबरी म्हणतो. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत कथेचे, म्हणजे त्या कथेच्या नायिकेचे, हे नाव. शेजारच्या गुजरातीने 'नवलकथा' असा शब्द घडवला, आपण मात्र एका पुस्तकाचे नाव साऱ्या जातीला देऊन टाकले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही पहिली मराठी कादंबरी मानली जाते, ती १८५७ सालची. त्याच साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. आपल्याकडे कादंबरी जन्माला आली ती अशी, इंग्रजी वाचू लागलेल्या पिढीच्या हाताने. डेफोची कादंबरी तिच्याहून १३८ वर्षांनी वडील.

मी मुलांना तारखांची एक जोडी फळ्यावर लिहून दाखवली. १७१८ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार घेऊन खांदेरीवर हल्ला केला आणि तो फसला. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांत लंडनच्या दुकानांत 'रॉबिन्सन क्रूसो' विकावयास आली. म्हणजे तिकडे इंग्रज वाचक एका इंग्रजाने बेट कसे आपले केले हे आवडीने वाचत होता, तेव्हा इकडे खऱ्या इंग्रजांना खरे बेट हाती लागत नव्हते. दुसऱ्याच वर्षी, १७२० साली, डेफोने 'कॅप्टन सिंगल्टन' ही कादंबरी काढली. तिचा नायक स्वतः पायरेट आहे. तो पूर्वेकडच्या समुद्रांत लूट करतो आणि शेवटी पैसा घेऊन इंग्लंडात सुखाने राहतो. पायरेट हा शब्द आपल्या माणसाला लागला की गोष्टीचा नायक होतो, हे त्यातले मर्म.

दुसरी जोडी याहून जुनी. कादंबरीत क्रूसो बेटाला लागतो ती तारीख ३० सप्टेंबर १६५९, आणि बेट सोडतो ती १९ डिसेंबर १६८६. या हिशेबाने १६७९ साली तो बेटावर विसावे वर्ष पुरे करीत होता. त्या साली आमच्या खांदेरीवर काय चालले होते?

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबई १६६८ पासून कंपनीच्या ताब्यात होती आणि खांदेरी तिच्या अगदी तोंडाशी. इंग्रजांनी बेट सोडा असे बजावले. मायनाकाने, धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. सप्टेंबरात उतरू पाहणाऱ्या इंग्रज तुकडीचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. मग 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज आले. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन होते. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाचे मराठी आरमार त्यांच्यावर तुटून पडले. इंग्रजांची 'डोव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज'ने मात्र एकटीने झुंज देऊन मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीकडे मागे सारले. लढाईचा निकाल असा दोन्हीकडे झुकलेला. तरी तट बांधणे थांबले नाही. याचे कारण आमचा किनारा. थळ आणि नागाव येथून रात्रीच्या अंधारात लहान होड्या दाणागोटा, दारूगोळा आणि माणसे घेऊन बेटाकडे जात. वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या त्या होड्यांना वाऱ्यावर अवलंबून असलेली मोठी जहाजे अडवू शकली नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरी बळकावली आणि शेजारच्या या दोन बेटांचे वैर सुरू झाले.

आता कादंबरीकाराचा प्रश्न : ही गोष्ट आपल्याला सांगितली कोणी? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या आरमाराचा आणि त्यातील मायनाक भंडाऱ्याचा उल्लेख आहे, पण तो त्रोटक. कोणत्या दिवशी काय झाले, कोण मेले, कोणते जहाज गेले, हा सारा तपशील येतो तो मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजांनी एकमेकांना पाठवलेल्या पत्रांतून. आमच्या गावाची सर्वांत मोठी लढाई शत्रूच्या भाषेत लिहिलेली आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला थळचा इतिहासही पुरता वाचता येत नाही. 'आम्हांला मासे मारावयाचे, इंग्रजी कशाला?' असे विचारणाऱ्या पालकांना मी हेच सांगत असतो. नोकरीसाठी इंग्रजी शिका असे सर्वच सांगतात, पण ती आपली स्वतःची कागदपत्रे वाचण्यासाठीही शिकावी लागते. आणि वाचताना शब्दार्थ आणि संज्ञा पक्क्या नसतील तर, लिहिणाऱ्याने ज्याला पायरेट म्हटले त्याला आपणही पायरेट म्हणून मोकळे होतो.

म्हणून 'निवेदक' ही संज्ञा आमच्या वर्गात सर्वांत जास्त वेळ घेते. 'रॉबिन्सन क्रूसो' हे पुस्तक प्रथम निघाले तेव्हा त्यावर डेफोचे नाव नव्हते. क्रूसोने स्वतः लिहिलेली हकीकत म्हणून ते छापले होते. गोष्ट सारी 'मी'च्या तोंडून. 'मी' म्हणणाऱ्या माणसाची बाजू वाचक आपोआप घेतो, हे आम्हां लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. क्रूसो सालीच्या कैदेतून पळतो तेव्हा झुरी नावाचा मुलगा त्याच्याबरोबर असतो. पुढे क्रूसो त्याला पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकून टाकतो. कालचा गुलाम आज दुसऱ्याला विकतो. त्याचे जहाज बेटावर फुटते तेही आफ्रिकेत गुलाम आणावयास जाताना. तरी आपण त्याच्यासाठीच हळहळतो, कारण 'मी' तो आहे.

आणि मग फ्रायडे. नरभक्षकांच्या तावडीतून क्रूसो त्याला सोडवतो, वारावरून त्याचे नाव फ्रायडे ठेवतो आणि पहिला इंग्रजी शब्द शिकवतो तो 'मास्टर', म्हणजे धनी. त्यानंतर 'होय' आणि 'नाही'. कादंबरीतला हा इंग्रजीचा वर्गच म्हणावयाचा. एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि शब्दार्थांची तीन शब्दांची यादी. फ्रायडेला त्याच्या आईबापांनी कोणते नाव ठेवले होते हे क्रूसोने विचारले नाही. पुस्तक संपते तरी वाचकाला ते कळत नाही. हा भाग वाचताना माझ्यातल्या शाळामास्तराला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. आपण मुलांना भाषा शिकवतो ती 'होय, धनी' म्हणण्यासाठी की 'माझे नाव अमुक' असे सांगण्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक इंग्रजीच्या तासाला विचारण्यासारखा आहे.

गेल्या काही वर्षांत नावांच्या बाबतीत पुष्कळ काही घडले आहे. मुंबईतील आरमारी तळाला १९५१ सालीच 'आंग्रे' हे नाव मिळाले. १९९८ साली खांदेरी बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव देण्यात आले. 'खांदेरी' नावाची पाणबुडी २०१९ पासून आपल्या नौदलात आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. मायनाक आणि दौलतखान यांची नावे तर इंग्रजांच्या पत्रांनीच राखली. पण त्या काळोख्या रात्री थळहून खांदेरीकडे होड्या वल्हवणारे कोण होते, त्यांचे एकाचेही नाव आमच्या गावात कोणाला सांगता येत नाही. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आडनावांत ते कदाचित आजही असतील.

म्हणून उजळणीच्या शेवटच्या दिवशी मी मुलांना एक जास्तीचा प्रश्न देतो. तो कोणत्याही गाईडमध्ये सापडत नाही. सन १६७९, आश्विनातली रात्र, तुम्ही थळच्या होडीत वल्ह्यावर बसला आहात. दूरवर 'रिव्हेंज'चा दिवा दिसतो आहे. यादीतले निदान दहा शब्द वापरून एक पानभर इंग्रजीत लिहा. वाक्याची सुरुवात 'मी'पासून करावी, आणि तुमचे नाव पहिल्याच ओळीत यावे.

मुलांची इंग्रजी मोडकीतोडकी असते. कोणी वल्ह्याला चमचा लिहितो, कोणी भरती-ओहोटीचा काळ चुकवतो. पण पहिल्या ओळीतले नाव कोणाचेही चुकत नाही. 'पायरेट' हा शब्दही बहुतेकांच्या पानावर येतोच. फक्त तो येतो तो आता वाक्यात असा : ते आम्हांला पायरेट म्हणतात.